घासलंस कशाला?

बस इथे. आणि नाणं असं अंगठ्याखाली दाबू नकोस, कडेने धर. तीन महिने हेच सांगतोय मी.

आल्या आल्या तुझा पहिला प्रश्न काय? "सर, ह्याचे किती येतील?" नाणं कुठलं, कुठल्या टांकसाळीचं, वजन किती, खरं की खोटं, यातलं एक अक्षर नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! वर मोबाइल पुढे करतोस, की १८८५च्या अमेरिकन ट्रेड डॉलरला कोट्यवधी मिळतात. मिळतात ना. त्या सालाची नाणी जगात पाचच माहीत आहेत. तुझ्या हातातलं नाणं त्या सालाचं नाहीच, पण ते अमेरिकनसुद्धा नाही.

"वन डॉलर" एवढं वाचलंस आणि थांबलास. बाईकडे बघ. अमेरिकन ट्रेड डॉलरवर लिबर्टी बसलेली असते, आणि मागच्या बाजूला गरुडाखाली ४२० ग्रेन असं वजनच छापलेलं असतं. ही उभी आहे. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात ढाल, मागे शिडाचं जहाज. ही ब्रिटानिया. उलटव आता. मधोमध चिनी अक्षर आहे, दीर्घायुष्याचं. भोवती एक डॉलर हेच चिनीत आणि अरबी वळणाच्या मलायीत लिहिलंय. कारण हाँगकाँग, सिंगापूर, पिनांगच्या बाजारात चालावं म्हणून इंग्रजांनी हा ब्रिटिश ट्रेड डॉलर १८९५पासून पाडला.

भिंग घे. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर नजर लाव. दिसला इंग्रजी बी? बी म्हणजे बॉम्बे. आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत पडलेलं नाणं आहे हे! तू त्याला अमेरिकेला पाठवून मोकळा झालास.

आता वजन. काट्यावर ठेव. २६.९५ ग्रॅम हवं, चांदी नव्वद टक्के, म्हणजे चोवीस ग्रॅमच्या थोडी वर शुद्ध चांदी. चांदीच्या भावाने निघते ती झाली तळाची किंमत. तिच्यावर जे काही चढायचं ते साल, टांकसाळ आणि अवस्था यांच्या जोरावर. ह्या नाण्याची नक्कल ढिगाने होते, लोखंडावर मुलामा देऊन विकतात, म्हणून लोहचुंबकही लावून बघायचं. तुझं नाणं खरं आहे. साल १९०२, तेव्हा फार दुर्मिळ नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

लाज वाटायला हवी ती पुढच्या गोष्टीची. हे नाणं तू कशाने घासलंस? खाली बघू नकोस, उत्तर दे. टूथपेस्टने. ब्रिटानियाच्या पावलाशी, अक्षरांच्या खाचांत पांढरी पूड अजून साचलीय. आणि मोकळ्या जागेवर उजेड तिरका पाड. एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात ते ब्रशचे. नव्या नाण्यावर साच्याच्या दाबाने जी झळाळी येते ती नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. इथे काहीच फिरत नाही. नुसतं पांढरं पडलंय, स्टीलच्या वाटीसारखं. शंभर वर्षांत चांदीवर चढलेली ती निळसर-काळी झाक म्हणजे मळ नव्हता रे! तिच्यामुळे तर जाणकार म्हणतो, की ह्याला कुणी हात लावलेला नाही. ग्रेडिंगवाले चांगल्या नाण्याला एक ते सत्तरमधला आकडा देतात. ह्याला आकडा देणार नाहीत, "साफ केलेलं" एवढा शेरा मारतील. गेलेली झाक मला परत आणता येत नाही. कुणालाच येत नाही.

आणि ते दोन लहान ठसे, तेही घासून काढायला निघाला होतास. पोचे वाटले तुला. ती चिनी सराफांची निशाणी. चांदी पारखली, खरी निघाली, की ते आपला ठसा मारायचे. हे नाणं खरोखर त्या बाजारात हातोहात फिरून आलं याचा तो पुरावा आहे. नशीब, ब्रश तिथवर जोरात पोचला नाही.

मी तुझ्यावर ओरडतोय कारण तुझी नजर चांगली आहे. जॉर्ज राजाच्या पेनीवरून हिंदुस्थानचा सम्राट ही अक्षरं १९४९पासून गेली, हे तू आपणहून ओळखलं होतंस, मी सांगितलं नव्हतं. असा मुलगा पैशाच्या नादाने आंधळा झाला की मला सहन होत नाही. आजीच्या डब्यातल्या गिनीला तरी हात लावू नकोस. १९१८ची असेल तर सालाच्या वर, जमिनीच्या रेघेवर बारीक आय आहे का, एवढंच बघ. तीही मुंबईचीच असेल.

शेवटचं. पणजोबा बोटीवर होते म्हणालास, हे नाणं त्यांचं. कशात गुंडाळलं होतं? कागदाच्या पुडीत. त्यावर मोडीत काही लिहिलेलं होतं. आणि ती पुडी तू टाकून दिलीस? कधी, काल रात्री? मग इथे बसून काय राहिलास? ऊठ. केराचा डबा रिकामा झाला नसेल तर ती शोध, सरळ कर, वहीत घालून आण. नाणं राहू दे माझ्यापाशी.