तडतड थांबली की

लोणी कढवायला ठेवलं की सुरुवातीला मोठी गडबड उडते. गोळा पसरतो, वितळतो, तडतड सुरू होते, फेस वर येतो. बघणाऱ्याला वाटावं, केवढा बदल चाललाय! खरं तर अजून नवीन असं काहीच झालेलं नसतं. लोण्यातला स्निग्धांश वितळलेला असतो आणि त्यात अडकलेलं ताकाचं पाणी वाफ होऊन निघून जात असतं. शाळेत आपण शिकलो तो भौतिक बदल हाच. रूप पालटतं, पदार्थ तोच राहतो.

पाणी आहे तोवर पातेल्यातलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच घुटमळतं, कारण आच वाफ करण्यात खर्ची पडते. मग तडतड मंदावते, थांबते. वरवर सगळं शांत होतं आणि नेमकं तेव्हाच तापमान भराभर चढतं. तळाशी बसलेल्या कणांमधली दुधाची प्रथिनं आणि साखर यांची एकमेकांशी अभिक्रिया होऊ लागते. बदामी बेरी, घरभर दरवळणारा खमंग वास, हे आधी लोण्यात नव्हतंच. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं. आपल्या आज्या-पणज्या ती वासावरूनच ओळखायच्या. हा झाला रासायनिक बदल. म्हणून तूप कढवणारी जाणती बाई तडतड चालू असताना खुशाल भाजी चिरते, पण आवाज थांबला की गॅसपाशी येऊन उभी राहते. बदामीची काळी व्हायला बेरीला वेळ लागत नाही.

फेस, बुडबुडे, आवाज यांवरून बदल ओळखायला गेलं तर फसायला होतं. पुन्हा पहिल्यासारखं होईल का, एवढं विचारूनही भागत नाही. खवलेला नारळ परत करवंटीत बसत नाही, तरी तो नारळच असतो. उलट विरजण लावलेल्या दुधात रात्रभर हूं की चूं नसतं, पण जिवाणूंनी दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार केलेलं असतं आणि सकाळी भांड्यात दूध नसतं, दही असतं. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की वेगळा पदार्थ तयार झाला का?

सकाळच्या घाईत हा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो. डबा, रिक्षा, सापडत नसलेली किल्ली, यावरून घरात आवाज चढतात. ते बहुतेक नुसतं पाणी उडून जाणं असतं. बोलून मोकळं झालेलं माणूस संध्याकाळी तसंच प्रेमानं दार उघडतं. त्या तडतडीचं मनाला लावून घेऊ नये. लक्ष द्यावं ते अचानक शांत झालेल्या माणसाकडे. मुलगी डबा न उघडताच परत आणते. सासूबाई चहा अर्धाच ठेवतात. ऑफिसात शेजारी बसणारा जेवायला उठत नाही. अशा वेळी हातातलं काम बाजूला सारून थोडा वेळ त्यांच्यापाशी बसावं. काय झालं, हे लगेच विचारलंच पाहिजे असंही नाही.