पियानोवर बसलेली बाई

चि. छकुलीस,


स्नेहसंमेलनात तुम्ही मुली अमेरिकेतला जॅझचा काळ उभा करणार, हे फोनवर कळलं. झालरीचा आखूड झगा, मानेपर्यंत कापलेले केस, मोत्यांच्या लांब माळा. छानच दिसाल! पण या वेशभूषेत एक बाई राहून जाते, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

केस कापणं तेव्हा साधं नव्हतं, हे खरंच; त्यामागे बायकांचं नवं स्वातंत्र्य होतं. 1920 साली घटनादुरुस्ती होऊन बायकांना देशभर मताधिकार मिळाला. दुकानांत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, टाइपरायटरपुढे काम करणाऱ्या मुलींच्या हाती स्वतःचा पगार खुळखुळू लागला. 1927 च्या ‘इट’ सिनेमात नटी क्लारा बो झाली होती तीसुद्धा दुकानात काम करणारी मुलगीच. मात्र दक्षिणेतल्या काळ्या बायकांना तो मताधिकार प्रत्यक्षात वापरू द्यायला 1965 चा कायदा यावा लागला.

माझी बाई काळीच. लिल हार्डिन, जन्म 1898, गाव मेम्फिस. आईला असलं संगीत छचोर वाटायचं, पण मुलीचे हात पियानोवरून हटेनात. शिकागोत आल्यावर तिला संगीताच्या दुकानात नोकरी लागली. छापील चाली गिऱ्हाइकांना वाजवून दाखवायच्या. पुढे ती किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये गेली. तिथे दुसरा कॉर्नेट वाजवायला आला पुढे जगभर गाजलेला लुई आर्मस्ट्राँग. 1924 मध्ये दोघांनी लग्न केलं. दुसऱ्याच्या मागे वाजवत राहू नकोस, असा तिने त्याच्यामागे धोशा लावला. तो न्यूयॉर्कला गेला, आणि 1925 मध्ये परतला तो शिकागोच्या ड्रीमलँड कॅफेत तिच्याच बँडमध्ये वाजवायला.

हे सगळं ‘नवऱ्याला मोठं करणारी बायको’ म्हणून सांगितलं जातं, त्याचा मला राग येतो. अगं, बँड तिचा होता!

चाळीस वर्षं मी पेटीवर साथ केली, म्हणून माझं लक्ष आधी साथीकडेच जातं. 1925 च्याच नोव्हेंबरात लुईच्या ‘हॉट फाइव्ह’ बँडची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, बँजो आणि लिलचा पियानो. ड्रम नाहीत, बास नाही. म्हणजे वरचे तिघे मोकाट सुटले की लय सांभाळायची ती बँजोने आणि तिने. साथ करणाऱ्याला हे किती अवघड असतं, ते मला ठाऊक आहे. आपलं बोट जरा अडखळलं की वरच्याची फिरत कोसळते, आणि नीट पडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी वाजलेली ‘माय हार्ट’ ही चालही तिचीच.

पुढे दोघं वेगळी झाली. 1971 च्या जुलैत लुई गेला. ऑगस्टमध्ये शिकागोत त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता, तिथे पियानो वाजवता वाजवता ती कोसळली आणि गेली.

तुमच्या रंगमंचावर पियानो असेलच, निदान पुठ्ठ्याचा तरी. तो कोपऱ्यात ढकलू नका. पुढे आणा, एका मुलीला त्यावर बसवा आणि निवेदनात तिचं नाव घ्या.

तुझी,
आजी