अंगावरील गोंदण कोणाचें?

आमच्या खेडेगांवांतील मंडळ्यांत उपासनेस येणाऱ्या वृद्ध भगिनींकडे पाहिलें असतां त्यांच्या कपाळावर, हनुवटीवर किंवा हातावर हिरवट काळ्या ठिपक्यांचें गोंदण बहुधा दिसतें. कोणाच्या कपाळावर कुंकवाच्या जागीं उभी रेघ, कोणाच्या मनगटावर तुळशीवृंदावन, कोणाच्या दंडावर विंचू. ह्यांपैकीं पुष्कळ जणी वयांत आल्यावर ख्रिस्ती झालेल्या, गोंदण त्यापूर्वींचें. आतां त्यांचींच शिकलेलीं मुलें व नातवंडें केव्हां केव्हां म्हणतात कीं, ही जुन्या धर्माची निशाणी आहे, ती झांकावी किंवा काढून टाकावी. उलटपक्षीं कांहीं तरुण जत्रेंतील यंत्रवाल्याकडून मनगटावर क्रूस गोंदवून घेतात, आणि मग उपदेशकास विचारतात कीं, ह्यांत पाप तें कोणतें? हे प्रश्न दोन दिसतात, पण त्यांचें मूळ एकच आहे. शरीरावर काढलेली खूण कोणाची समजावी? ज्यानें ती काढली त्याची, ज्याच्या अंगावर ती आहे त्याची, किंवा जो पाहून तिचा अर्थ लावतो त्याची?

प्रथम आमच्याकडील गोंदण कसें होत असे तें नीट ध्यानांत घ्यावें. गांवांत गोंदणारीण येई. ती बहुधा फिरस्त्या लोकांपैकीं असे. दिव्याची काजळी पाण्यांत किंवा एखाद्या पाल्याच्या रसांत कालवून ती रंग तयार करी, आणि दोन-तीन सुया एकत्र बांधून त्यांनीं कातडी टोंचीत जाई. मागाहून हळद लावीत. मुलगी रडूं लागली म्हणजे गोंदणारीण गाणें म्हणे, आणि घरच्या थोरल्या बायका मुलीचे हात घट्ट धरून ठेवीत. मोबदला म्हणून सुपांतून जोंधळे किंवा एखादें जुनें लुगडें मिळे. हें सर्व बहुतकरून मुलीच्या लहानपणीं, लग्नाच्या सुमारास होई. म्हणजे तिला होकार किंवा नकार देण्याचें वय येण्याच्या आधीं.

मेल्यावर बरोबर येणारा दागिना काय तो गोंदण, अशी एक समजूत अजून ऐकूं येते. ती खरी नाहीं हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. देह मातीस मिळतो तेव्हां गोंदणहि मातीस मिळतें. परंतु ह्या बोलण्यामागें एक कडू अनुभव आहे. गरिबाच्या घरांतील चांदीचे वाळे-गोट पहिल्या दुष्काळांतच सावकाराच्या पेटींत जात. गोंदण मात्र गहाण ठेवतां येत नसे, चोरास नेतां येत नसे, आणि नवऱ्यास दारूपायीं विकतां येत नसे. जिच्याजवळ स्वतःचें म्हणावें असें कांहींच नव्हतें अशा बाईचें तेवढें एक तिचें होतें. हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस 'निशाणी काढ' असें म्हणणें सोपें वाटतें.

तें पुसत कां नाहीं, ह्याचेंहि कारण मोठें चमत्कारिक आहे. वरची कातडी नेहमीं झडत असते, पण काजळीचे कण तिच्या खालच्या थरांत गेलेले असतात. तेथें परक्या वस्तु गिळून टाकणाऱ्या सूक्ष्म पेशी आहेत. त्या हे कण गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. अशी पेशी मेली म्हणजे कण मोकळे होतात, आणि तिच्या जागीं आलेली नवी पेशी तेच कण पुन्हां गिळते. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनीं 2018 सालीं उंदरांवर प्रयोग करून हें दाखविलें. म्हणजे शरीर ती खूण जन्मभर एका पेशीच्या हातून दुसरीच्या हातीं देत राहतें.

गोंदण्याची चाल मूर्तिपूजेपासूनच निघाली, असें कांहीं जण धरून चालतात. तेंहि तपासून पाहिलें पाहिजे. 1991 सालीं आल्प्स पर्वतांत, इटली व ऑस्ट्रिया ह्यांच्या सीमेजवळ, बर्फांत एका मनुष्याचें प्रेत सांपडलें. तें सुमारें 5,300 वर्षांपूर्वींचें आहे, आणि त्यावर गोंदलेल्या 61 खुणा मोजल्या आहेत. त्या बहुतेक साध्या काळ्या रेघा असून त्यांपैकीं पुष्कळ कंबर, गुडघे व घोटे ह्यांच्या आसपास आहेत. आणि ह्या मनुष्याचे सांधे झिजलेले होते. म्हणून त्या रेघा देवासाठीं नसून दुखण्यावरचा उपाय असाव्यात, असें अनेक विद्वानांस वाटतें. (आमच्याकडेहि दुखऱ्या सांध्यावर गोंदवून घेणारे लोक होते.) मिसर देशांत गेबेलैन येथें सांपडलेल्या, जवळजवळ तितक्याच जुन्या एका तरुणाच्या दंडावर शिंगें असलेल्या दोन जनावरांच्या आकृति आहेत, तर त्याच देशांतील सुमारें 4,000 वर्षांपूर्वींच्या एका स्त्रीच्या अंगावर ठिपके व रेघा आहेत, आणि ती हाथोर देवीची पुजारीण होती. औषध, शोभा, पराक्रम, देवीची सेवा, अशीं कारणें निरनिराळीं होतीं. सुई व काजळी मात्र सर्वत्र सारखीच.

मग लेवीयच्या 19 व्या अध्यायांतील 28 व्या वचनाचें काय, असें कोणी विचारील. तेथें मृतांसाठीं अंगावर जखमा करण्याची व शरीरावर खुणा गोंदण्याची इस्राएल लोकांस मनाई आहे. ती स्पष्ट आहे, आणि तिला पातळ करून सांगण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु त्याच अध्यायांत दोन जातींच्या सुतांचें वस्त्र घालण्याची व दाढीचे कोपरे बिघडविण्याचीहि मनाई आहे. आणि जे बंधु हें 28 वें वचन मोठ्यानें वाचून दाखवितात ते बहुधा गुळगुळीत दाढी करून, मिश्र सुताचा सदरा घालून आलेले असतात. तेव्हां मनाईचा हेतु पाहणें भाग आहे. बाराव्या शतकांतील थोर यहूदी शास्त्री मैमोनिदीज ह्यांनीं असें सांगितलें आहे कीं, मूर्तिपूजक लोक आपण त्या मूर्तीस विकले गेलेले दास आहों हें दाखविण्यासाठीं अशी खूण करीत. ह्याच शास्त्र्यांनीं पुढें असाहि निर्णय दिला आहे कीं, एकानें दुसऱ्याच्या अंगावर गोंदलें आणि त्या दुसऱ्यानें त्यांत कांहीं साहाय्य केलें नाहीं, तर ज्याच्या अंगावर गोंदलें तो दोषी होत नाहीं. आठ वर्षांची मुलगी, जिचे हात थोरल्यांनीं धरून ठेवले होते, तिला ह्या निर्णयाप्रमाणें काय म्हणावें हें वाचकांनींच ठरवावें.

दुसऱ्यानें बळानें केलेल्या खुणांचा इतिहास फार मोठा आहे. ग्रीक लोक गोंदलेल्या खुणेस 'स्टिग्मा' म्हणत. त्यांच्यांत व रोमी लोकांत ती पळून गेलेल्या दासांच्या व गुन्हेगारांच्या अंगावर, पुष्कळदां कपाळावरच, करीत. इ. स. 316 च्या सुमारास कॉन्स्टंटाईन बादशहानें कायदा केला कीं, शिक्षा झालेल्याच्या तोंडावर अशी खूण करूं नये, हातावर किंवा पोटरीवर करावी. कारण मनुष्याचें मुख स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिमेप्रमाणें घडलेलें आहे. (हातपाय कोणाच्या प्रतिमेचे, हें मात्र बादशहानें सांगितलें नाहीं.) आमच्या देशांत कंपनी सरकारनें 1797 पासून बंगाल इलाख्यांत जन्मठेपीच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याची पद्धति घातली, आणि त्या शिक्षेस नांवहि गोदना असेंच होतें. ती 1849 सालीं बंद झाली. तरी 1993 सालीं अमृतसर येथें पोलिसांनीं चार स्त्रियांच्या कपाळांवर 'खिसेकापू' ह्या अर्थाचे शब्द गोंदले, आणि त्याबद्दल संबंधित पोलीस अधिकारी न्यायालयांत दोषी ठरले ते 2016 सालीं. ह्या मधल्या तेवीस वर्षांत लोकांनीं त्या स्त्रियांच्या कपाळाकडे पाहून कोणाची लाज धरली असेल? लाज गोंदणाऱ्याची होती, ती वाहिली मात्र गोंदलेलीनें.

1941 पासून जर्मन नाझींनीं पोलंडांतील औश्वित्स येथील बंदींच्या अंगावर आंकडे गोंदले. पुढें ते डाव्या हातावर गोंदीत. ज्यांच्या शास्त्रांत अशा खुणेची मनाई, त्या यहूदी लोकांसच हें बहुतेक सोसावें लागलें. त्यांतून वांचलेल्या कांहींच्या नातवंडांनीं अलीकडे आजा-आजींचा तोच आंकडा आपण होऊन आपल्या हातावर गोंदवून घेतला आहे. शास्त्रदृष्ट्या तें योग्य कीं अयोग्य, हा वाद त्यांच्यांत आहे. आम्हांस येथें इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, आंकडा एकच असून पहिला मनुष्यास मेंढराप्रमाणें मोजण्यासाठीं होता व दुसरा त्या मनुष्यास विसरूं नये म्हणून आहे. छत्तीसगडांतील रामनामी लोकांचें उदाहरणहि विचार करण्यासारखें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं, अस्पृश्य म्हणून ज्यांस देवळांत पाऊल ठेवूं देत नसत, त्यांनीं देवाचें नांव सर्वांगावर, तोंडावर देखील, गोंदवून घेतलें. त्यांची उपासना आमची नव्हे. परंतु देऊळ बंद झालें तेव्हां अंगाचेंच देऊळ करणाऱ्यांचें मन, ज्यांच्या आजा-पणजांस वेशीबाहेर राहावें लागलें त्या आमच्या मंडळ्यांस समजण्यास कठीण जाऊं नये.

आतां प्रेषित पौल काय म्हणतो तें पाहूं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत तो सांगतो कीं, सुंता झालेला असतां ज्यास पाचारण झालें त्यानें ती खूण नाहींशी करूं नये. त्या काळीं कांहीं यहूदी ग्रीक लोकांच्या व्यायामशाळांत लाज वाटूं नये म्हणून वैद्याकडून तशी शस्त्रक्रिया करवीत. पौल म्हणतो, तसें नको. पाचारण झालें तेव्हां जसा होतास तसाच ये. सुंता तर देवानें सांगितलेली, गोंदण नव्हे, अशी हरकत कोणी घेईल. ती आम्हांस मान्य आहे. पण पौलाचा मुद्दा सुंतेच्या थोरवीचा नाहींच. खूण असणें व खूण नसणें हीं दोन्ही तो सारखींच गौण मानतो. गलतीकरांच्या पत्राच्या शेवटीं तर तो स्वतःच्या अंगावर येशूच्या खुणा वाहत असल्याचें सांगतो, आणि तेथें तोच दासांच्या डागाचा ग्रीक शब्द वापरतो. ह्या खुणा कोठून आल्या? पांच वेळां फटके, तीन वेळां छड्या, एकदां दगडमार. खुणा शत्रूंनीं केलेल्या, त्याहि त्यास अपमानित करण्यासाठीं. पौलानें त्या आपल्या धन्याच्या म्हणून सांगितल्या, आणि शत्रूंचा त्यांवरील हक्क संपला.

ह्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, ज्या भगिनीच्या कपाळावर लहानपणीं गोंदलें गेलें तिनें तें झांकण्याचें कारण नाहीं, आणि मंडळीनें तिला तसें सुचविणें हा तिच्यावर अन्याय आहे. तिनें गोंदणारणीस बोलाविलें नव्हतें; बाप्तिस्म्यास मात्र ती आपल्या पायांनीं चालत आली. एखाद्या खेड्यांत प्रभुभोजनाच्या वेळीं कोणी पदर कपाळावर ओढून घेत असेल, तर तो लाजेनें आहे किंवा मर्यादेनें, ह्याची उपदेशकानें हळूच चौकशी करावी.

मिशनऱ्यांनीं ह्या बाबतींत सर्वत्र शहाणपण दाखविलें असें नाहीं. लंडन मिशनचे लोक 1797 सालीं ताहिती बेटास पोंचले. आज जगभर चालणारा 'टॅटू' हा शब्द त्याच बाजूच्या भाषेंतला आहे. त्यांच्या सल्ल्यानें आसपासच्या बेटांवर 1820 नंतर जे कायदे झाले त्यांत गोंदण्यास बंदी होती. सामोआ बेटांतहि मिशनऱ्यांनीं ह्या चालीस विरोध केला, तरी ती टिकली. आणि आज तेथें कंबरेपासून गुडघ्यांपर्यंत गोंदलेले पुरुष उपासनेस बसतात. शुभवर्तमान त्यांच्यांत रुजलें, गोंदणहि राहिलें.

क्रूस गोंदवूं इच्छिणाऱ्या तरुणांबद्दल थोडें लिहून पुरें करूं. ह्या चालीस ख्रिस्ती लोकांत आधार नाहीं असें नाहीं. मिसरांतील कॉप्ट लोक मनगटाच्या आंतल्या बाजूस लहानसा क्रूस गोंदतात. यरुशलेमेस जाणारे यात्रेकरू शेंकडों वर्षें गोंदवून घेत आले, आणि 1862 सालीं इंग्लंडच्या युवराजांनीं, म्हणजे पुढें राजे झालेल्या सातव्या एडवर्डनीं, तेथें तसेंच केलें. इ. स. 787 सालीं इंग्लंडांत भरलेल्या एका सभेनें मूर्तिपूजकांच्या रीतीनें गोंदण्याचा निषेध केला, पण देवासाठीं कोणी ती वेदना सोसली तर तिचें प्रतिफळ आहे असेंहि नमूद केलें. आम्ही त्यास पाप म्हणत नाहीं, पण शिफारसहि करीत नाहीं. कॉप्ट मनुष्यास तो क्रूस महाग पडूं शकतो; जत्रेंतला क्रूस बहुधा कांहींच मागत नाहीं, आणि क्रूस असलेल्या हातानें तराजूची दांडी दाबली तर गांवकरी दोष कोणास देतील हें तरुणांनीं आधीं मनांत आणावें. लहान मुलांच्या अंगावर तर आई-बापांनीं क्रूसदेखील गोंदवूं नये. तान्ह्या मुलांस आपण न विचारतां बाप्तिस्मा देतोंच कीं, असें कोणी म्हणेल, आणि हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. उत्तर इतकेंच कीं, बाप्तिस्म्याचें पाणी वाळतें, आणि मूल मोठें झाल्यावर स्वतःच्या तोंडानें कबुली देण्यास किंवा न देण्यास मोकळें असतें. सुई त्यास तशी मोकळीक ठेवीत नाहीं. शिवाय जत्रेंत एकच सुई अनेकांस टोंचतात, आणि तिजवाटे कावीळ व एड्स ह्यांचे जंतु एकाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या रक्तांत जातात.

एखाद्या भगिनीस आपलें गोंदण खरोखरच नको असेल, कोणी सांगितलें म्हणून नव्हे तर तिला स्वतःला नको म्हणून, तर काढवून घेण्यांतहि दोष नाहीं. मात्र चुना किंवा तेजाब लावून तें जाळण्याच्या फंदांत पडूं नये. गोंदण जातें व त्याच आकाराचा व्रण जन्मभर राहतो. शहरांतील कातडीच्या डॉक्टरांकडे लेसर नांवाच्या प्रखर किरणांचें यंत्र असतें. त्यानें रंगाचे कण फुटून बारीक होतात व शरीर ते हळूहळू वाहून नेतें. कित्येक आठवड्यांच्या अंतरानें अनेक वेळां जावें लागतें, खर्चहि बराच येतो. काजळीचा काळा रंग त्यांतल्या त्यांत लवकर फिका होतो. पण सांवळ्या कातडीवर पांढुरका डाग राहण्याचा संभव असतो, तेव्हां आधीं एका कोपऱ्यावर थोडें करून पाहण्यास डॉक्टरांस सांगावें.