अशी तक्रार पहिल्यांदाच आली!

मराठी मध्यमवर्गीय माणूस तक्रारखोर असतो, असा एक गैरसमज आहे. तो आपण स्वतःच पसरवला आहे. वस्तुस्थिती अशी, की आपण कुरकुर करतो, तक्रार करत नाही. कुरकुर ही ज्याचा काही संबंध नाही त्याच्यापाशी करायची असते, आणि तक्रार ज्याचा संबंध आहे त्याच्यापाशी. पंखा खडखडतो हे आपण पाहुण्यांना सांगतो, दुकानदाराला नाही. छत्री पहिल्याच पावसात उलटी झाली, की "हल्ली कशात राम राहिला नाही" असं म्हणून आपण रामाला जबाबदार धरतो आणि छत्रीवाल्याला मोकळं सोडतो. चपलेचा अंगठा तुटला तर दोष आपल्या चालण्याला, शर्टाचा रंग गेला तर धुणाऱ्या बाईला. कंपनी आपली कायम सोवळ्यात!

त्यातून चारचौघांत, नाव घेऊन, "अमक्या कंपनीचा तमका माल वाईट आहे" असं म्हणायची वेळ आली, की आपला आवाज एकदम खाली येतो. मनात दोन विचार येतात. "उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या?" हा एक, आणि "उद्या वकिलाची नोटीस आली तर?" हा दुसरा. पहिला विचार सज्जनाचा आहे आणि दुसरा भित्र्याचा. आपली खुबी अशी, की मनात दुसरा आला की आपण पहिला मोठ्यानं बोलून दाखवतो.

आमच्या घरी एका दिवाळीत मिक्सर आला. कंपनीचं नाव सांगून आता उपयोग नाही. मिक्सर आणि कंपनी दोघंही हयात नाहीत, आणि मृतांविषयी वाईट बोलू नये एवढा संस्कार अजून शिल्लक आहे. पंधरवड्यातच मिक्सरमधून जळका वास येऊ लागला. कंपनीचा माणूस आला. त्यानं मिक्सर उलटा केला, सुलटा केला, कानाशी धरला आणि वैद्यबुवांच्या गांभीर्यानं म्हणाला, "काकू, अशी तक्रार पहिल्यांदाच आली. तुम्ही वाटण फार घट्ट वाटता." आता आमच्या सौभाग्यवतीनं वीस वर्षं पाट्यावर वाटण वाटलेलं. पाट्यानं कधी हूं की चूं केलं नव्हतं. तरीसुद्धा तिनं आठ दिवस चटणीत पाणी घातलं. चटणीचं सार झालं. वास होता तिथंच राहिला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उलगडा झाला. तळमजल्यावर तोच मिक्सर, तोच वास. दुसऱ्या मजल्यावर तोच मिक्सर, तोच वास, आणि वर एकदा चांगला सणसणीत शॉक. तळमजल्यावर त्या माणसानं "तुमच्याकडं व्होल्टेज कमी आहे" असं सांगितलं होतं, दुसऱ्या मजल्यावर "तुमची डाळ कमी भिजते." आणि तिन्ही घरांत एक वाक्य अगदी तेच होतं, "अशी तक्रार पहिल्यांदाच आली." माणूस तोच, पिशवी तीच, जिनाही तोच. एकाच जिन्यात तीन वेळा पहिल्यांदा! दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तो शॉक "माझाच हात ओला असेल" म्हणून पोटात घातला होता. त्यांच्या घरात चार वर्षांची नात दिवसभर स्वयंपाकघरातच खेळते.

माल नासका निघाला तर एक वेळ माफ करता येतं. हाताला पाच बोटं आहेत, यंत्रालाही चार दोष असायचे. पण "पहिल्यांदाच आली" हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला एकटं पाडतं. दोष यंत्राचा नसून तुझ्या हाताचा, तुझ्या डाळीचा, तुझ्या नशिबाचा आहे असं त्याला पटवून देतं. हे वाक्य खोटं पाडायची दुसरी कुठलीच सोय नाही. गिऱ्हाइकांनी एकमेकांना ऐकू जाईल असं बोलणं, एवढीच आहे.

हे फक्त मिक्सरपुरतं असतं तरी हरकत नव्हती. अमेरिकेत साठीच्या दशकापर्यंत मोटार अपघात म्हटला, की चूक ड्रायव्हरची असंच धरून चालायचे. राल्फ नाडर या तरुण वकिलानं १९६५ साली एक पुस्तक लिहून सांगितलं, की बाबांनो, कित्येकदा चूक मोटारीच्या रचनेतच असते. पहिलंच प्रकरण जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअर गाडीवर होतं. कंपनीनं काय करावं? गाडी तपासण्याऐवजी नाडर तपासायला घेतला! त्याच्यामागं खासगी गुप्तहेर लावले. बातमी फुटली आणि १९६६ साली कंपनीच्या अध्यक्षांना सेनेटच्या समितीसमोर जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. १९७० साली कंपनीनं नाडरला सव्वाचार लाख डॉलर देऊन दावा मिटवला, आणि त्या गृहस्थानं ते पैसे ग्राहकांच्याच कामाला लावले. संतांनी निंदकाला शेजारी जागा द्यायला सांगितलं होतं. कंपनीनं त्याच्या शेजारी गुप्तहेर ठेवले.

इतकं थोर उदाहरण डोळ्यांपुढं ठेवून मी सोसायटीच्या फळ्यावर एक कागद लावला. कंपनीचं नाव, मिक्सरचं मॉडेल, तीन घरांत जळका वास, एका घरात शॉक, तारखा आणि खाली माझी सही. तासाभरात सेक्रेटरी दारात. "साहेब, कागद काढा. कंपनीनं अब्रूनुकसानीचा दावा ठोकला तर सोसायटीला पार्टी करतील. आपल्याकडं लिफ्ट दुरुस्तीला पैसे नाहीत!"

मी आमच्या एका वकील स्नेह्यांकडे गेलो. ते म्हणाले, "कंपनीलाही अब्रू असते, बरं का." हे मला नवीन होतं. जिला नाक नाही तिचंही नाक कापलं जाऊ शकतं, हे १८६० च्या दंडसंहितेपासून कायद्याला मान्य आहे. पण त्याच कायद्यानं अब्रूनुकसानीला दहा अपवादही ठेवले. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ३५६ व्या कलमातही ते अपवाद कायम आहेत. खरं बोलणं आणि ते लोकांच्या हितासाठी बोलणं, हा पहिला. आणि दहावा तर मला आमच्या जिन्यासाठीच लिहिल्यासारखा वाटला, दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याला सद्हेतूनं सावध करणं. ज्यांनी हे कलम लिहिलं ते इंग्रज होते, पण त्यांना शेजारधर्म कळत होता.

गिऱ्हाइकाचं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क अमेरिकेच्या केनेडींनी १५ मार्च १९६२ ला आपल्या संसदेपुढं मांडला. आपल्याकडे पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहेच. एवढं सगळं होऊनही आमचे सेक्रेटरी कागद काढा म्हणतात, याचं कारण कायद्यात नाही, आपल्या स्वभावात आहे.

आणि गंमत पाहा. कंपनीनं "जगातला सर्वोत्तम साबण" असं लिहिलं तर कुणी विचारत नाही, की बाबा, जग केव्हा फिरून आलास? कलकत्त्याच्या उच्च न्यायालयानं नव्वदीच्या दशकात दोन निळीवाल्यांच्या भांडणात सांगून टाकलं, की व्यापाऱ्यानं स्वतःचा माल जगात सर्वात उत्तम म्हणावा, ते खरं नसलं तरी चालेल. मात्र दुसऱ्याच्या मालाला वाईट म्हणू नये. सरळसरळ फसवी जाहिरात केली तर २०१९ च्या कायद्यानं दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही खरं. पण साधी बढाई माफ. म्हणजे विकणाऱ्यानं गजभर फुगवलं तरी ती जाहिरात, आणि विकत घेणाऱ्याच्या बोलण्यात बोटभर फरक पडला तर ती बदनामी!

हा बोटभराचा हिशेब खरोखरच एकदा झाला आहे. अमेरिकेत १९३६ पासून चालत आलेली ग्राहकांची एक संस्था आहे. तिचं मासिक जाहिराती घेत नाही, वस्तू बाजारातून विकत आणून तपासतं. १९७० साली या मासिकानं बोस कंपनीचे स्पीकर तपासले. (हे बोस म्हणजे एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव.) मासिकानं लिहिलं, की यातून व्हायोलिन ऐकलं तर ते दहा फूट रुंद वाटतं आणि वाद्यं खोलीभर भटकतात. कंपनी कोर्टात गेली. वाद असा, की वाद्यं खोलीभर भटकत नव्हती, ती फक्त समोरच्या भिंतीलगत इकडून तिकडं जात होती! ज्यानं चाचणी घेतली त्या इंजिनिअरला साक्षीला उभं राहावं लागलं. पहिल्या न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं कौल दिला. शेवटी १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला, की ऐकलेल्या आवाजाचं वर्णन करताना शब्द थोडा चुकला म्हणजे माणूस जाणूनबुजून खोटं बोलला असं होत नाही. खोलीपासून भिंतीपर्यंत पोचायला न्यायाला चौदा वर्षं लागली.

मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. बोलणारा कायद्यातला पंडित किंवा यंत्रातला तज्ज्ञ असला पाहिजे अशी अट घातली, तर मग बोलायला फक्त कंपनीच उरेल. अट एवढीच हवी, की त्यानं प्रामाणिक असावं.

पण ही अट लहान नाही, हेही सांगितलं पाहिजे. आमच्याच फळ्यावर पुढं एका शेजाऱ्यांनी लिहिलं, "शेजारच्या गल्लीतल्या बाईंच्या चकल्या खवट, कुणी घेऊ नयेत." त्या बाई घरी फराळ करून विकतात, नवरा अंथरुणाला खिळलेला. चार दिवसांत त्यांची अर्धी गिऱ्हाइकं गेली. मग कळलं, की शेजाऱ्यांनी चकल्या ज्या डब्यात भरल्या, त्यात आधी वर्षभराच्या जुन्या शेंगा होत्या. फळ्यावरचं वाक्य पुसायला डस्टर पुरला. चार इमारतींतल्या जिभा कशानं पुसणार? मोठ्या कंपनीकडे वकील असतात. त्या बाईंकडे फक्त झारा होता.

म्हणून मी माझ्यापुरते काही नियम ठरवले आहेत. जे पाहिलं तेवढंच सांगावं. मिक्सर जळका वास देतो म्हणावं, मालक चोर आहे म्हणू नये, कारण मालकाला आपण हुंगलेलं नसतं. आधी कंपनीला सांगून पाहावं, पण जिथं जिवाला धोका आहे तिथं तिच्या उत्तराची वाट पाहत गप्प बसू नये. खाली स्वतःची सही करावी. ज्या वाक्याखाली सही करवत नाही ते वाक्य बहुधा कुरकुरच असतं. आणि कंपनीनं चूक सुधारली तर तेही त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावं.

आमच्या बाबतीत तसंच झालं. आठवड्याभरात कंपनीचे साहेब स्वतः आले, तिन्ही मोटारी बदलून दिल्या आणि आता कागद काढा म्हणाले. मी कागद काढला नाही, खाली एक ओळ वाढवली, "कंपनीनं मोटारी विनामूल्य बदलून दिल्या." साहेबांचा चेहरा जरा उतरला, पण मी काय करणार? दोन्ही ओळी खऱ्या होत्या.

लोक विचारतात, तुमचा मिक्सर दुरुस्त झाला, मग आता ओरडायचं कशाला? पण हा हक्क ज्याचा मिक्सर बिघडला त्याच्यासाठी नसतोच मुळी. त्याचे पैसे गेलेले असतात, वास घेऊन झालेला असतो. हक्क असतो तो उद्या दुकानात जाऊन त्याच मिक्सरवर बोट ठेवणाऱ्या अनोळखी माणसासाठी. तो आपल्याला कधी भेटणार नाही आणि आभारही मानणार नाही. त्याचं भलं झालं तर ते झालं असं त्यालाही कळणार नाही. इतक्या निःस्वार्थ कामाला आपण आजवर भांडकुदळपणा म्हणत आलो. असं म्हणू नये, अशी माझी आपणा सर्वांपाशी तक्रार आहे. कुणी कृपा करून ती पहिल्यांदाच आली असं सांगू नये.