कसरत

गेल्या वर्षी मधुमेह निघाला. रोज अर्धा तास चाला, असे डॉक्टरांनी बजावले. फजरची नमाज झाली की राजिवड्याहून भाट्याच्या पुलावरून किनाऱ्यापर्यंत जाऊन यायचे, असे मी ठरवले. दोन महिने उत्साहात गेले. मग कोकणातला पाऊस सुरू झाला. एक दिवस चुकला, मग दुसरा, आणि आठवड्याभरात चालणेच थांबले. त्याहून वाईट म्हणजे, 'आपल्यात जिद्दच नाही,' असे मी स्वतःला सांगू लागलो.

पण हा प्रश्न खरोखर जिद्दीचा आहे का? याच रत्नागिरीत १८५६ साली लोकमान्य टिळक जन्मले. तरुणपणी ते अशक्त होते. डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष त्यांनी व्यायामाला दिले. परीक्षेत नापास झाले, पण शरीर कमावले. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. परंतु जिद्द एका क्षणाची असते. वर्ष भरून निघते ते रोजच्या नेमाने.

'कसरत' आणि 'तालीम' हे मराठीतले शब्द मूळचे अरबी. तालीम म्हणजे शिक्षण आणि कसरत म्हणजे विपुलता. एकदाच पुष्कळ करणे नव्हे, पुष्कळदा करणे, असा अर्थ मी त्यातून घेतो. इमाम गझालींनी सुलेखनकाराचा दाखला दिला आहे: आधी प्रयासाने गिरवायचे, गिरवता गिरवता ते स्वभावात उतरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच सांगतो. सवय जडायला कुणाला १८ दिवस लागतील, कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही.

मग कुणी विचारेल, जे आपोआप घडते त्यात सवाब कसला? आदत आणि इबादत यांच्यात फरक करते ती नियत, हे खरेच. पण शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे जाणून एखादी सवय लावली, तर नियत त्या सवयीच्या पायातच असते. आणि नियतीची खरी परीक्षा चालण्याच्या दिवशी होत नाही, ती चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी होते. एक नमाज कजा झाली म्हणून आपण नमाज सोडत नाही. कजा पढतो आणि पुढच्या वक्ताला उभे राहतो.

यंदा दाराशी चपलांबरोबर छत्रीही ठेवली आहे.