कुणाच्या भरवशावर?

चार मित्र एकत्र बसले की एखादा बेत ठरतो. तो नेमका कोणी ठरविला, हे मागाहून सांगता येत नाही. एक म्हणतो, "जाऊ या." दुसरा म्हणतो, "मग शिदोरी माझ्याकडे." तिसरा वाहनाची सोय पत्करतो. चौथ्याला मुळात जायचेच नसते. पण एवढी सिद्धता झालेली पाहून तोही मान डोलावतो. अशा रीतीने बेत सर्वांचा होतो, आणि सर्वांचा झाल्यामुळेच तो कोणा एकाचा राहत नाही. काही विपरीत घडले तर प्रत्येक जण अगदी प्रामाणिकपणे म्हणू शकतो, "मी कुठे ठरविले होते? सगळेच निघाले होते." हे म्हणणे खोटे नसते. तरीही ते पुरेसे असते काय, असा प्रश्न आम्ही येथे उपस्थित करीत आहोत.

प्रश्न फार तात्त्विक वाटू नये म्हणून तो आपल्या मातीत आणून पाहू. नाचणगाव हे देवळी तालुक्यातले, पुलगावला अगदी खेटून असलेले गाव. मुलताईकडच्या सातपुड्यातून निघालेली वर्धा नदी येथून दूर नाही. पौष-माघात ती पावसाळ्याचा गढूळपणा टाकून निवळलेली असते. तूर शेंगांनी लवलेली, कापसाची वेचणी चाललेली, हुरड्याचे दिवस आलेले. अशा एखाद्या सकाळी गळ, दोरी, कणकेचे गोळे आणि गांडुळांचा डबा घेऊन नदीकाठी जावे, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजावेत, वांग्याची झणझणीत भाजी करावी आणि मासा लागला तर लागला, नाही तर गप्पा तरी पदरी पडाव्यात, असा बेत करणारे तरुण आमच्याकडे दर हिवाळ्यात असतात. यात वाईट काहीच नाही. आमच्या मते तर मित्रांनी वर्षातून एकदा तरी असे निरुद्देश बसावे.

परंतु हिवाळ्यातली नदी जेवढी शांत दिसते तेवढी ती सरळ नसते. जेथे रेतीचा बेसुमार उपसा झालेला असतो तेथे पात्रात खड्डे राहतात, आणि वरचे पाणी मात्र आरशासारखे सपाट असते. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याचे पुढचे पाऊल पुरुषभर खोलात जाऊ शकते. वरच्या अंगाला सिंभोऱ्याचे ऊर्ध्व वर्धा आणि धनोडीचे निम्न वर्धा ही धरणे आहेत. तेथून पाणी सोडले तर आकाशात ढगाचा तुकडा नसतानाही नदी चढते. आणि १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच नदीत, वरुड तालुक्यातील झुंज येथे, आप्तांनी भरलेली नाव उलटून ११ जणांचा जीव गेला, ही गोष्ट या खोऱ्यातील माणसे विसरलेली नाहीत. तो काळ पावसाळ्याचा होता, हे खरे. पण नावेत बसताना शेजारी आपलेच माणूस बसले आहे, यामुळे वाटणारा धीर हा कोणत्याही ऋतूत सारखाच असतो.

हा धीर म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आम्ही वाचकांना थोडे दूर नेऊ इच्छितो. विदर्भातली कितीतरी मुले आता अमेरिकेत आहेत, आणि त्यांतली काही मिनेसोटासारख्या थंड राज्यात आहेत. तेथे थंडीत तळी गोठतात, आणि त्या गोठलेल्या तळ्यावर चालत जाऊन, बर्फाला गिरमिटाने भोक पाडून, त्यातून गळ सोडण्याचा छंद तेथील लोकांना आहे. मराठी घरांतली मुलेही शेजाऱ्यांच्या नादाने त्यात ओढली जातात. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्याहून थंड झालेले पाणी वर येते व गोठते. म्हणून बर्फ वर आणि मासा खाली जिवंत, अशी निसर्गाची रचना आहे. या बर्फावर पाय ठेवण्याचा तेथला नियम साधा आहे: नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान ४ इंच म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर जाड असावा, तरच माणसाने चालावे. पांढुरका बर्फ निम्म्याच ताकदीचा, म्हणून तो दुप्पट जाड हवा. बर्फावर हिम साचले असेल तर ते गोधडीसारखे काम करते आणि खालचा बर्फ नीट धरत नाही. झऱ्याजवळ, ओढा मिळतो तेथे, पुलाच्या खांबापाशी तो पातळच असतो. एवढे सांगून तेथील नैसर्गिक संपत्ती खाते पुन्हा बजावते की पूर्णपणे सुरक्षित असा बर्फ नसतोच. म्हणून जाणती माणसे हातात लोखंडी पहार घेऊन निघतात आणि पाऊल टाकण्यापूर्वी पुढचा बर्फ ठोकून पाहतात.

आता गंमत पाहा. काठावर नव्याने आलेला माणूस पहार मारीत नाही. तो दूर नजर टाकतो. तळ्याच्या मध्यावर पन्नास माणसे बसलेली त्याला दिसतात, आणि तो मनाशी म्हणतो, एवढ्यांना पेलतो तर मलाही पेलेल. त्या पन्नासांतला पन्नासावा एकोणपन्नास जणांना पाहून गेलेला असतो. असे मागे मागे जात राहिले तर पहार मारून पाहणारा एखादाच सापडतो. तोही भल्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत तेथे गेलेला. दुपार झाली आहे, वारा फिरला आहे, हे त्याच्या पहारीला कसे कळावे? शिवाय ज्यांच्याकडे पाहून आपण धीर धरतो त्यांचे वजनही त्याच बर्फावर आहे, हे कोणी मनात आणीत नाही. गर्दीला आपण पुरावा समजतो, आणि ती मात्र भार असते.

हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ओहायो राज्यात ईरी सरोवरावर १३४ मासेमार बर्फाच्या एका प्रचंड तुकड्यासह काठापासून तुटून आत वाहत गेले. बर्फाला तडा गेलेला त्यांच्यापैकी काहींना दिसला होता. त्यांनी त्यावर लाकडी फळकुटे टाकून पूल केला आणि ते पलीकडे गेले. हेलिकॉप्टरने व हवेच्या जोरावर चालणाऱ्या नावांनी त्यांना सोडवून आणले. एक जण मात्र पाण्यात पडून दगावला. डिसेंबर २०२३ मध्ये मिनेसोटातील अप्पर रेड लेकवर १२२ जण असेच अडकले होते, तेही सुटले. ईरीच्या प्रसंगी तेथील पोलीस प्रमुखाने आपला संताप उघड बोलून दाखविला. तो संताप आम्हांला योग्य वाटतो, कारण मौजेला गेलेल्यांचा बेत ठरताना, त्यांना आणायला जे जाणार होते त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. नदीत उडी घेणाऱ्या आमच्या धीवर-भोई बांधवांचे तरी कोण विचारतो?

येथे कोणी म्हणेल की सज्ञान माणसे आपापल्या जबाबदारीवर जातात. मित्राने मित्राचे पालकत्व का घ्यावे? या म्हणण्यात तथ्य आहे. मित्राला लहान मूल समजणे हा मैत्रीचा अपमानच होय. पण 'आपापल्या जबाबदारीवर' हे शब्द खरे ठरायचे असतील तर प्रत्येकाला वस्तुस्थिती ठाऊक हवी आणि प्रत्येकाला नाही म्हणता यायला हवे. ज्याला पोहता येत नाही तो हे चारचौघांत सांगायला लाजतो. ज्याला भीती वाटते त्याला 'भागूबाई' म्हणून हसण्याची आपली रीत आहे. अशा मंडळीत 'सर्वांची संमती' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की गप्प बसण्याची लाज कमी आणि बोलण्याची लाज अधिक होती. मिस्साच्या प्रारंभी आपण जी कबुली देतो तीत केलेल्या गोष्टींच्या जोडीला न केलेल्या गोष्टीही येतात. बेतात सामील झालेल्याचा दोष बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो: त्याने काही केलेले नसते, केवळ विचारायचे ते विचारलेले नसते.

मासे धरायला निघालेल्या मित्रांची एक गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र आपण मासे धरायला जात असल्याचे सांगतो आणि बाकीचे लगेच त्याच्याबरोबर निघतात. एकूण सात जण. त्यांत जब्दीचे पुत्र म्हणजे जातिवंत कोळी. पण त्यांतच काना गावचा नथनेलही आहे, आणि काना हे काही तळ्याकाठचे गाव नव्हे. त्या रात्री त्यांना काहीच मिळाले नाही. या कथेचा खरा अर्थ पुष्कळ खोल आहे व तो सांगण्याचे हे स्थळ नव्हे. आमचे लक्ष मात्र नथनेलाकडे जाते. नावेत तो कोणाच्या भरवशावर चढला? अर्थात पेत्राच्या. आणि पेत्राला ते तळे लहानपणापासून ठाऊक होते. भरवसा ठेवणे ही चूक नव्हेच. भरवशावाचून कोणीही कोठेही जाऊ शकणार नाही. भरवसा ज्याच्यावर ठेवायचा त्याला पाणी ठाऊक आहे काय, एवढाच प्रश्न असतो.

संत थॉमस अक्विनस यांनी विवेक या सद्गुणाची अंगे सांगताना दूरदृष्टी व सावधपणा यांच्याबरोबर एक असे अंग सांगितले आहे की ज्याची आपल्याला सहसा आठवण होत नाही: दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी. विवेकाच्या बाबतीत कोणीही स्वयंपूर्ण नसतो, आणि विशेषतः वयोवृद्ध, अनुभवी माणसांचे ऐकावे, असे ते म्हणतात. आम्हांला हे वाचताना नदीकाठचा एखादा म्हातारा धीवर डोळ्यांपुढे येतो. कोणत्या डोहाचा तळ यंदा बदलला, रेती कोठून उचलली गेली, मरळ कोठे लागते आणि वाम कोठे, हे त्याला ठाऊक असते. आमचे सुशिक्षित तरुण त्याच्या समोरून गळ खांद्यावर टाकून जातात. त्याला विचारीत नाहीत. त्याच्या पोटाचा धंदा आपल्या विरंगुळ्याचा विषय झाला आहे, याचेही भान ठेवीत नाहीत. (खाण्यापुरते धरावे आणि उरलेले सोडावे, हा संकोच निदान पाळला जावा. दक्षिण कोरियात ह्वाचॉन येथे २००३ पासून बर्फावरचा जो मत्स्योत्सव भरतो त्यात पाळलेले मासे बर्फाखाली सोडून ते पुन्हा धरायला लक्षावधी माणसे जमतात. त्यात आम्हांला मौज कमी व हाव अधिक दिसते. पण तो स्वतंत्र विषय आहे.)

मग बेत करणाऱ्याने करावे तरी काय? फार नाही. जेथे जायचे तेथे आदल्या दिवशी स्वतः जाऊन यावे. तेथल्या माणसाला विचारावे. कोणाला पोहता येते, हे सर्वांदेखत न विचारता एकेकट्याला विचारावे. घरी ठिकाण व परतण्याची वेळ सांगून निघावे. थंडी आहे म्हणून बंद खोलीत किंवा बंद तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिचा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाला नेतो. बर्फावर चालणारे जाणते मित्र एकमेकांचा हात धरून चालत नाहीत. एकमेकांत अंतर ठेवतात, म्हणजे सगळ्यांचा भार एके ठिकाणी पडू नये आणि एक गेला तर दुसऱ्याला दोर टाकता यावा.

राहिला तो चौथा मित्र, ज्याने मान डोलावली. समजा यंदा त्याने ती डोलावली नाही. तो म्हणाला, "त्या घाटावर रेती उचलली आहे, मी येत नाही, तुम्हीही दुसरीकडे चला." बाकीचे हसले आणि त्याच घाटावर गेले. काहीच घडले नाही. मासे लागले, रोडगे उत्तम झाले, मंडळी संध्याकाळी सुखरूप घरी परतली. त्याचे म्हणणे खरे होते, हे आता कोणत्याही रीतीने सिद्ध होणार नाही. उलट तो खोटा पडला, असेच गावात म्हटले जाईल. पुढच्या रविवारी हुरड्याला निघताना मंडळी त्याला हाक मारतात की नाही, ते पाहायचे.