होकाराचा हिशेब

रमजानचा पंधरावा-सोळावा रोजा उलटला की आमच्या मोहल्ल्यातल्या एका शिंप्याच्या दुकानावर पुठ्ठ्याची पाटी लागते : 'ईदचे कपडे घेणे बंद.' पाटी लागल्यावरही लोक येतातच. कोणी ओळख सांगतो, कोणी जास्त शिलाई देऊ करतो, कोणी म्हणतो, एकच तर कुर्ता-पायजमा आहे. शिंपी मान वर न करता मशीन चालवत राहतो. पुष्कळांना तो शिष्ट वाटतो. आम्हालाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. त्याच गल्लीत दुसरा एक शिंपी आहे, मोठा गोड बोलणारा. तो कोणालाच नाही म्हणत नाही. कापड घेतो, माप घेतो, 'इन्शाअल्लाह, चाँदरातीला घेऊन जा' म्हणतो. चाँदरातीला त्याच्या दुकानापुढे रात्री दोन वाजेपर्यंत गर्दी असते आणि दरवर्षी दोन-चार मुले ईदगाहवर जुन्या कपड्यांत दिसतात.

या दोघांतला नेक माणूस कोणता? हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण आपल्या समाजात भला माणूस कोणाला म्हणतात ते पाहिले तर बहुतेकांचे मत दुसऱ्या शिंप्याच्या बाजूने पडेल. तो कोणाला दुखवत नाही. तो सर्वांचा आहे.

आम्ही स्वतः या दुसऱ्या शिंप्याच्या जातकुळीचे. शाळेतली नोकरी, जमातीचे चिटणीसपद, मोहल्ल्याचे वाचनालय, साहित्य मंडळाचे काम, शिवाय लग्नाच्या बोलणीला चला, दवाखान्यात ओळख काढा, तहसील कचेरीत अर्ज लिहून द्या. कोणी आले की आमच्या तोंडून 'हो' निघालेच म्हणून समजा. खिशातल्या डायरीत एका पानावर सात-सात कामे असायची. त्यांतली तीन व्हायची, चार पुढच्या पानावर जायची, आणि तिथून कुठे जायची ते अल्लाह जाणे. तरी रात्री अंथरुणाला पाठ टेकताना वाटे की आज आपण कौमसाठी झिजलो.

हा भ्रम एका प्लास्टिकच्या पिशवीने मोडला. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीतली एक विधवा बाई ती पिशवी घेऊन आमच्याकडे आली होती. बाई चार घरी पोळ्या लाटते. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास होऊन कॉलेजात गेली होती. पिशवीत गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, दोन फोटो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे ती निघालीच होती. 'भाईजान आहेत ना' असे कोणीतरी सांगितले म्हणून वळून आमच्या दारी आली. आम्ही पिशवी ठेवून घेतली आणि म्हणालो, "इन्शाअल्लाह, होऊन जाईल."

त्या आठवड्यात आमच्या मंडळाचा परिसंवाद होता. विषय होता मुस्लिम मुलींच्या शिक्षणापुढील अडचणी. वक्त्यांची सोय, मांडव, निमंत्रणपत्रिका, स्वागताध्यक्षांची नाराजी, सगळे आमच्या गळ्यात. कार्यक्रम झकास झाला. टाळ्या पडल्या. चार दिवसांनी टेबल आवरताना पिशवी हाती लागली, तेव्हा अर्जाची मुदत संपून दोन दिवस झाले होते.

आम्ही बाईकडे गेलो. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "रहने दो भाईजान, तुमकू कित्ते काम रहते." पुढे कळले की त्या वर्षीच्या फीसाठी तिने महिला बचत गटातून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने कर्ज काढले. व्याज हराम आहे यावर आम्ही त्याच जमातखान्यात दोनदा बोललो होतो. आमच्या विसरभोळेपणावरचे व्याज मात्र ती पोळ्या लाटून फेडत होती.

इथून आमच्या विचाराला सुरुवात झाली. पहिला प्रश्न 'इन्शाअल्लाह'चा. सूरह कहफमध्ये ताकीद आहे की उद्या अमुक करीन असे अल्लाहची मर्जी जोडल्याशिवाय बोलू नका. हा शब्द बोलणाऱ्याचा अहंकार मोडण्यासाठी आला. उद्याचा दिवस तुझ्या हातात नाही याची आठवण त्याने द्यायची. ती आठवण असलेला माणूस शब्द देताना दहादा विचार करील. आपण केले उलट. बोलणारा त्या शब्दाने जबाबदारी खांद्यावरून उतरवून वर सोपवतो आणि मोकळा होतो. काम झाले तर आमचे कर्तृत्व, राहिले तर अल्लाहची मर्जी! आमच्या टेबलावर पिशवी पडून राहिली यात अल्लाहच्या मर्जीचा काय संबंध? वचनाबद्दल जाब विचारला जाईल, असे कुरआनात स्पष्ट आहे. वचन मोडणे हे मुनाफिकाचे एक लक्षण म्हणून हदीसमध्ये आले आहे. हे आपण मदरशात लहानपणी पाठ केलेले असते. पण 'बघतो, करतो, होऊन जाईल' हेही वचनच आहे, हे आपल्याला कोणी शिकवले नाही.

यावर फुकहांनी बारकाईने विचार केला आहे. नुसत्या वायद्याची कायद्याने सक्ती करता येत नाही, त्याची पूर्तता ही नीतीची बाब आहे, असा अनेकांचा कौल. मालिकी मजहबातले एक प्रसिद्ध मत मात्र असे की, तुमच्या शब्दावर विसंबून समोरच्याने एखादे पाऊल टाकले आणि त्यामुळे तो खर्चात किंवा अडचणीत आला, तर तो शब्द तुमच्यावर बंधनकारक ठरतो. ती बाई कॉम्प्युटरवाल्याकडे निघाली होती. आमच्या शब्दामुळे ती थांबली. आम्ही काहीच बोललो नसतो तर तिचे काम झाले असते. आमच्या मदतीने तिचे नुकसान केले.

दुसरा प्रश्न अग्रक्रमाचा. दिवसाचे तास चोवीस आणि कामे चाळीस, मग आधी काय? अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ साली एका भाषणात तातडीचे आणि महत्त्वाचे असा भेद सांगितला होता. पुढे व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी त्याचे चार चौकोन केले आणि आज ते दुकानदारापासून साहेबापर्यंत सर्वांना ठाऊक आहेत. भेद खरा आहे. पण महत्त्वाचे म्हणजे कोणासाठी महत्त्वाचे, हे तो चौकोन सांगत नाही. परिसंवाद आमच्या लेखी महत्त्वाचाही होता आणि तातडीचाही. त्याचे पत्रक छापले होते, त्यावर आमचे नाव होते. पिशवीवर कोणाचेच नाव नव्हते.

इथे आपल्याच घरातला एक जुना भेद अधिक उपयोगी पडतो, फर्ज-ए-ऐन आणि फर्ज-ए-किफाया. नमाज-रोजा ज्याचा त्यालाच करावा लागतो, तो ऐन. जनाजाची नमाज काहींनी अदा केली की उरलेल्यांवरचा भार उतरतो, तो किफाया. धर्मशास्त्रातली व्याख्या बाजूला ठेवून रोजच्या कामांना हीच कसोटी लावून पाहावी. परिसंवादाचे सूत्रसंचालन आम्ही केले नसते तर आणखी चौघे तयार होते, खरे तर टपलेलेच होते. ती पिशवी मात्र फक्त आमच्याकडे होती. ज्या क्षणी आम्ही ती ठेवून घेतली, त्या क्षणी ते काम आमच्यापुरते ऐन झाले. घरात अंथरुणाला खिळलेल्या बापाला औषध देणे, मुलाचे ऐकून घेणे, बायकोला दिलेला शब्द पाळणे या गोष्टी आपल्याऐवजी दुसरा कोणी करू शकत नाही. समाजातली बहुतेक पदे दुसरा कोणीही भूषवू शकतो. आणि आपण आयुष्यभर किफायाच्या मागे धावत ऐनला 'उद्या बघू' म्हणत राहतो.

बुखारीत हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दर्दा यांचा किस्सा आहे. अबू दर्दा दिवसा रोजा आणि रात्री इबादत यांत इतके बुडाले की घराकडे लक्ष राहिले नाही. पत्नीच्या अंगावरचे साधे कपडे पाहून सलमानना ते उमगले. त्यांनी मित्राला आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि बजावले की रब, स्वतःचा जीव आणि घरचे या सर्वांचा तुझ्यावर हक आहे, ज्याचा त्याला दे. पैगंबर साहेबांनी सलमानचे म्हणणे खरे ठरवले. जमातीत मागे एखादे मूल रडल्याचे ऐकू आले की त्याच्या आईला त्रास नको म्हणून पैगंबर साहेब नमाज आटोपती घेत, हेही हदीसमध्ये आहे. मुलाच्या रडण्याने खुद्द नमाज आखूड होते. आमच्या मीटिंगा मात्र कशानेही आखूड होत नाहीत.

मग आपण एवढे हो का म्हणतो? दयाळूपणामुळे, असे आम्हाला वाटायचे. इमाम गजालींच्या आत्मचरित्रपर लेखनाने ते खोडून काढले. १०९१ साली ते बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक झाले. तीनशे विद्यार्थी, खलिफाच्या दरबारात मान. तेच गजाली लिहितात की स्वतःच्या हेतूची तपासणी केली तेव्हा शिकवण्यामागे अल्लाहची खुशी नव्हती, नाव आणि मरातब यांची ओढ होती. सोडावे की राहावे या ओढाताणीत सहा महिने गेले, शेवटी वर्गात जीभ उचलेना. १०९५ मध्ये त्यांनी बगदाद सोडले, तेही मुलाबाळांच्या गुजराणीपुरते राखून उरलेले वाटून. पुढे मुलांच्या हाकांनी त्यांना घरी परत आणले, आणि ११०६ मध्ये निशापूरला ते पुन्हा शिकवू लागले. काम तेच होते, पण आता ते का करायचे हे त्यांना ठाऊक होते. आम्ही कुठे आणि गजाली कुठे! तरीही प्रश्न टोचतो. लोक दारी येतात, 'तुमच्याशिवाय होणार नाही' म्हणतात, तेव्हा जो गोडवा मनात उतरतो, त्याच्यासाठीच आम्ही हो म्हणत होतो. होकार द्यायला दमडी लागत नाही. त्याचे मोल पुढे चुकवावे लागते, आणि ते बहुधा गप्प बसणाराच चुकवतो.

कोणी म्हणेल, असा हिशेब जो तो करू लागला तर सार्वजनिक काम कोण करणार? आधीच आपल्या समाजात काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आक्षेपात तथ्य आहे. दार लावून बसणे हा उपाय नव्हेच. 'घरच्यांचा हक' ही आळशाची ढालही होऊ शकते, जशी 'कौमची खिदमत' ही आमची ढाल होती. आम्ही एवढेच म्हणतो की, शब्द कमी द्यावेत आणि दिलेले पुरे करावेत. ज्याला नाही म्हणायचे त्याला आजच म्हणावे, म्हणजे त्याला दुसरे दार ठोठावायला वेळ राहील. वेळेवरचा नकार हीसुद्धा अमानत आहे.

बंद्यांचे हक, हुकूक-उल-इबाद, त्या बंद्याने माफ केल्याशिवाय सुटत नाहीत, असे आपण मानतो. त्या बाईने आम्ही न मागताच माफ केले. आम्ही फीची रक्कम घेऊन गेलो तर तिने घेतली नाही. निदान व्याजाचे तरी घ्या म्हटले, तेही नाही. ती माफी आम्हाला अजून पचलेली नाही.

दोन वर्षांनी तिची धाकटी मुलगी कॉलेजात गेली आणि बाई पुन्हा तशीच पिशवी घेऊन दारात उभी राहिली. आमच्या घरी त्या आठवड्यात आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. तेही आम्ही एक वर्ष पुढे ढकलले होते. जुन्या सवयीने 'हो' ओठांवर आला होता. आम्ही तो गिळला. म्हणालो, "या आठवड्यात माझ्याने होणार नाही. आजच कॉम्प्युटरवाल्याकडे जा. कागद सगळे आहेत का तेवढे आत्ता बघून देतो." दारातच बसून कागद पाहिले. एक झेरॉक्स कमी होती, ती सांगितली. बाईला वाईट वाटेल, अशी धाकधूक मनात होती. तिने पिशवी काखेत मारली, चप्पल घातली आणि जाता जाता म्हणाली, "पहलेच बोले, अच्छा हुआ."